४८८२ कुठून आला?

लिनक्स चालणाऱ्या जुन्या इंटेल लॅपटॉपवर पडद्याचा उजेड एका फाइलीत असतो. तिचं नाव ब्राइटनेस. शेजारीच मॅक्स ब्राइटनेस नावाची दुसरी फाइल असते, आणि ती उघडली की कितीतरी यंत्रांवर आत हाच आकडा भेटतो : ४८८२. शंभर नाही, २५५ नाही, हजारही नाही. इतका वेडावाकडा आकडा कुणी का निवडेल?

निवडलेला नाहीच तो. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी काचेच्या मागं जावं लागतं. एलसीडीवरचं चित्र स्वतः उजळत नाही. पडद्याच्या कडेला पांढऱ्या एलईडींची रांग असते, तिचा उजेड मागच्या पारदर्शक पाटीतून सगळीकडे पसरतो आणि चित्रातून गाळून आपल्यापर्यंत येतो. हे दिवे बिघडले तरी चित्र चालूच असतं. काळ्या पडलेल्या पडद्यावर टॉर्चचा झोत तिरपा मारा, अक्षरं फिकट दिसू लागतात.

आता खरी गंमत. उजेड कमी करायचं बटण दाबलं की या लॅपटॉपांतले दिवे मंद होत नाहीत, ते विझतात. सेकंदाला २०० वेळा विझतात, २०० वेळा लागतात. म्हणजे एका फेरीला ५ मिलिसेकंद. चिपमधल्या घड्याळाचे सेकंदाला साडेबारा कोटी ठोके पडतात. १२८ ठोक्यांचं एक माप धरलं, तर एका फेरीत किती मापं बसतील? साडेबारा कोटींना १२८ नं भागा, मग २०० नं. उत्तर ४८८२ आणि वर थोडं. ड्रायव्हर सहसा हा आकडा ठरवत नाही, यंत्र सुरू होताना फर्मवेअरनं चिपमध्ये लिहून ठेवलेला तो वाचतो. आपण उजेडाचा समजत होतो, तो वेळेचा आकडा निघाला!

ब्राइटनेसच्या फाइलीत ९७६ लिहा. ड्रायव्हर ते चिपला कळवतो, आणि चित्राच्या तारांपासून वेगळ्या एका तारेवरून दिव्यांना हुकूम जातो : १ मिलिसेकंद पेटा, ४ मिलिसेकंद विझा. पाचांतली चार मिलिसेकंदं पडदा अंधारात असतो आणि आपण निवांत वाचत असतो. डोळा पेटण्या-विझण्याची सरासरी काढतो आणि तिलाच मंद उजेड म्हणतो.

खात्री करायची तर खोलीत अंधार करा, उजेड अगदी खाली आणा आणि पडद्यासमोर पेन्सिल भराभर हलवा. तिची सलग सावली दिसत नाही, सुट्या सुट्या पेन्सिलींचा पंखा दिसतो. काही नव्या पडद्यांत ही लुकलुक फार जलद असते किंवा नसतेच, तिथे पंखा उमटणार नाही.

सिस्टमडी ही प्रणाली लॅपटॉप बंद होताना ब्राइटनेसच्या फाइलीतला आकडा जपून ठेवते आणि सुरू होताना परत लिहिते. तेव्हा तो फारच खाली असेल तर थोडा वर उचलते, म्हणजे कुणाला काळ्या पडद्यासमोर बसावं लागू नये. ज्यानं हा विचार केला त्याच्याबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो.

पुढच्या पिढीच्या काही लॅपटॉपांवर मॅक्स ब्राइटनेसच्या फाइलीत ९३७ सापडतो. तिथलं घड्याळ २ कोटी ४० लाख ठोक्यांचं. १२८ नं भागा, मग २०० नं.