रझियाची खरी ओळख

रझिया सुलतान म्हटले की अनेकांना आधी याकूत आठवतो. १९८३ साली कमाल अमरोही यांनी पडद्यावर रंगवली ती याच दोघांची प्रेमकहाणी.

इतिहास काय सांगतो? वडील इल्तुतमिश ग्वाल्हेरच्या मोहिमेवर असताना दिल्लीचा कारभार रझियाने पाहिला. मुलगे असूनही त्यांनी वारस म्हणून तिलाच निवडले. १२३६ ते १२४० ती तख्तावर होती. तिच्या दरबारातला इतिहासकार मिन्हाज तिच्या न्यायबुद्धीची तारीफ करतो. हबशी याकूतला तिने शाही पागेचा प्रमुख नेमले, म्हणून तुर्की अमीर बिथरले. भांडण सत्तेचे होते. संशय रंगवला तो शंभरेक वर्षांनी लिहिणाऱ्या इसामीने. सिनेमाने त्याचे प्रेम केले.

मुलींना रझिया सांगताना आधी तिचा कारभार सांगा.