उजेडाची वाटणी

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, पोशेऱ्याच्या बाजूला, बोहाडा पाहायला जायचे असेल तर झोप घरी ठेवून जावे. होळीच्या सुमारास सुरू होऊन पावसाळ्यापूर्वीची शेतीची कामे अंगावर येईपर्यंत या पट्ट्यात गावोगाव बोहाडा होतो. कुणी त्याला भोवाडा म्हणतात. रात्रीची जेवणे आटोपली की संबळ घुमू लागतो, पिपाणीचा सूर लागतो, अंधारातून पेटते टेंभे हलत येताना दिसतात आणि त्यांच्या मधोमध पहिले सोंग येते. ते गणपतीचे. मग सरस्वती. मग रात्रभर एकामागून एक सोंगे येत राहतात: नारद, खंडेराव, वेताळ, भीम, त्राटिका, नरसिंह, दहा तोंडांचा रावण. गावागणिक यादी थोडी बदलते. शेवटी देवी आणि महिषासुराचे युद्ध होते आणि तोवर पूर्वेला फटफटलेले असते.

लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे, आणि त्यामागे कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर समाजातली माणसे. दिवसा नागली-वरईच्या शेतात राबणारा माणूस रात्री नरसिंह होतो. यावर अभ्यासकांनी लिहिले आहे, छायाचित्रकारांनी पुस्तके भरली आहेत. मला मात्र बोहाड्यात वेगळेच काही दिसले. १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षे मी नोकरीनिमित्त या भागात होतो. पालघर जिल्हा व्हायला २०१४ साल उजाडायचे होते. तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. बँकेत काम करणाऱ्या माणसाला सगळीकडे वाटपच दिसते. मला बोहाड्यात उजेडाचे वाटप दिसले.

ही जुनी आठवण वर येण्याचे कारण मात्र अगदी आजचे आणि शहरी आहे. माझी भाची पुण्यात नोकरी करते. गेली तीन वर्षे दर शनिवारी संध्याकाळी ती आणि तिचे पाच मित्रमैत्रिणी एका टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. यात पट असतो किंवा नसतोही. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एकजण खेळ चालवणारा. तो प्रसंग उभा करतो, बाकीचे आपापले पात्र काय करील ते सांगतात आणि शंकेच्या जागी वीस पैलूंचा फासा निकाल देतो. हार-जीत नाही. एकच कथा महिनोन् महिने, वर्षानुवर्षे चालू राहते. आपल्याकडच्या पोरांनी झाडाखाली खेळलेले ‘तू राजा, मी शिपाई’ नियमांच्या चौकटीत बसवले तर जे होईल, ते हे.

खेळ चालवायचे काम भाचीकडे आहे. मे महिन्यात ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, “मामा, आमची मंडळी फुटायला आलीय.”

भांडण कुणाचे कुणाशी झाले नव्हते. एक मुलगा बोलण्यात पटाईत. दार उघडायचे असो, राजाशी तह करायचा असो, त्याचे उत्तर तयार. दुसरी एक मुलगी विचार करून बोलणारी. तिचे वाक्य सुरू होईपर्यंत प्रसंग पुढे गेलेला असे. तीन वर्षांत त्या मुलाच्या पात्राला वैरी मिळाले, हरवलेला बाप मिळाला, राज्यही मिळू घातले. त्या मुलीच्या पात्राला एक गाव होते, ते कुठे आहे हे विचारायचेसुद्धा कुणाला सुचले नाही. मार्चपासून ती येईनाशी झाली. फोन केला की “ऑफिसात काम आहे” म्हणते.

भाचीने उपाय शोधला होता. प्रत्येकाला वीस मिनिटे, मोबाइलवर घड्याळ लावून. दोन शनिवार तो प्रयोग झाला आणि मंडळी आणखी अवघडली.

मला नवल वाटले नाही. बँकेच्या शाखांतून आठवड्याच्या बैठका होत. एका वरिष्ठांनी फर्मान काढले होते की प्रत्येकाने दोन मिनिटे बोललेच पाहिजे. पाळी आली की आमचे रोखपाल उभे राहत, “विशेष काही नाही, साहेब” म्हणत आणि उरलेली पावणेदोन मिनिटे सगळेजण पंख्याकडे पाहत काढत. त्याच रोखपालांना खोटी नोट हाताच्या स्पर्शाने कळे. नोटांविषयी काही निघाले की त्यांच्याभोवती आख्खी शाखा गोळा होई, आणि तेव्हा ते थांबत नसत. मिनिटे देणे सोपे असते. त्या माणसावाचून अडावे असा प्रसंग देणे अवघड.

बोहाड्यात मिनिटे कुणीच मोजत नाही. एखादे सोंग चार फेऱ्यांत येते आणि जाते. रावणाचा मुखवटा रुंद आणि जड, त्याला वळायलाच जागा आणि वेळ लागतो. तरीही कुणाला उणे वाटत नाही, याची कारणे मी त्या रात्रींत जागून गोळा केली. पहिले कारण असे की सोंगांचा क्रम ठरलेला असतो आणि तो लहान पोरालाही पाठ असतो. आपली पाळी येणार याची खात्री असलेला माणूस दुसऱ्याच्या पाळीत सुखाने बसू शकतो. दुसरे, एकेका सोंगाचा मान एकेका घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या असतो. त्यात दुसरा घुसत नाही, मग तो कितीही चांगला नाचणारा असो. तिसरे, सोंग बदलले की वाजंत्री बदलते. देवीची चाल वेगळी, राक्षसाची वेगळी. संबळवाला येणाऱ्या सोंगाच्या पावलाकडे पाहून वाजवतो. सोंगाने त्याच्या तालात स्वतःला कोंबायचे नसते. आणि चौथे, टेंभे सगळ्यांना तेच. गणपतीपुढे जो उजेड, तोच वेताळापुढे. आत्ता टेंभा धरून उभा असलेला माणूस तासाभराने स्वतः मुखवटा चढवून येतो आणि मघाचा भीम घाम पुसत त्याच्यापुढे उजेड धरतो.

हे मी भाचीला सांगितले. तिने विचारले, “पण मामा, गोष्ट एकच असली तर? आमच्याकडे सोंगे एकेकटी येत नाहीत. सहाही जण एकाच प्रसंगात असतात.”

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर व्यासांकडे आहे. महाभारतासारख्या प्रचंड कथेत नकुल-सहदेवांच्या वाट्याला फार थोडे येते. भीम-अर्जुन असताना त्यांच्याकडे पाहतो कोण? पण विराटपर्व काढून पाहा. अज्ञातवासात गांडीव शमीच्या झाडावर ठेवावे लागते. ज्या एका गुणावर आजवर सगळे चालले तो बाजूला पडतो आणि सहाही जणांना आपापल्या दुसऱ्या गुणावर पोट भरावे लागते. युधिष्ठिर द्यूत जाणणारा कंक होतो, भीम मुदपाकखान्यात बल्लव, अर्जुन नृत्य शिकवणारा बृहन्नडा. नकुल घोड्यांकडे जातो, सहदेव गाईंकडे, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीच्या महालात. कीचकाचे संकट द्रौपदीवर येते, तिथे स्वयंपाकी उपयोगी पडतो. गाई पळवल्या जातात तेव्हा एका बाजूला चौघे भाऊ लढतात आणि दुसऱ्या बाजूला बृहन्नडा घाबरलेल्या उत्तराचा रथ हाकते. कुणालाही घड्याळ लावून वेळ दिलेला नाही. प्रसंगच असे रचले आहेत की प्रत्येक ठिकाणी वेगळ्या माणसाची गरज पडावी. भाचीला मी म्हटले, “तुझ्या त्या बोलक्या मुलाचे गांडीव थोडे दिवस झाडावर ठेव. मुके लोक राहतात अशा गावात त्यांना ने.” ती हसली, पण तिने ते वहीत लिहून घेतले.

बोलक्या माणसाला खलनायक ठरवण्यात मात्र अर्थ नाही. उजेड त्याने एकट्याने घेतलेला नसतो. आपण तो दिलेला असतो. आपल्या संगीत रंगभूमीने हे चांगले अनुभवले आहे. ‘वन्स मोअर’च्या आरोळ्या प्रेक्षकच देत आणि पद लांबले की समोरचे पात्र ताटकळत उभे राही. म्हणून तर ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला संयुक्त ‘मानापमान’ शंभर वर्षे लोटली तरी विसरला जात नाही. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे दोन मालक, एकाच रंगमंचावर. दोघांचेही चाहते समोर बसलेले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. पण तो एका रात्रीचा प्रयोग होता. एका रात्रीपुरते मन मोठे करणे जमते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या खेळात मनाच्या मोठेपणावर विसंबून भागत नाही. तिथे रीत लागते.

रीतीची कसोटी माणूस गैरहजर असला की लागते. दिवाळीनंतर मोखाड्याची गावे रिकामी होऊ लागत. वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्या, नाशिककडची शेते, शहरांतली बांधकामे इथे माणसे कामाला जात, आजही जातात. पीककर्जाच्या वसुलीला आम्ही गेलो की कुलूपही नसलेली, नुसती दोरीने बांधलेली दारे दिसत. शेजारी म्हणत, “शिमग्याला येईलच.” आणि खरेच, शिमग्याला माणसे परतत. एका गावी एका म्हाताऱ्याला मी विचारले होते की एखादा नाहीच आला तर त्याचे सोंग कोण आणतो? तो म्हणाला, “भाऊ आणील, पुतण्या आणील. त्याच्या घरातलंच कोणीतरी आणील. सोंग त्याचंच राहील ना, साहेब.” गैरहजर माणसाची जागा गाव वर्षभर राखून ठेवत होते. भट्टीवर विटा थापणाऱ्या त्या माणसाला आपण गावाचे आहोत असे वाटायला दुसरे काय होते? सात-बारावर नाव असेल-नसेल, बोहाड्याच्या यादीत होते.

इथे एक हिशेब मांडला पाहिजे, नाहीतर हे लिखाण नुसते गुणगान होईल. ज्या रीतीने गरिबातल्या गरिबाची पाळी राखली, तिनेच काही जणांना पाळीच दिली नाही. मी पाहिलेल्या बोहाड्यांत शारदा पुरुष, त्राटिका पुरुष आणि महिषासुराला मारणारी देवीही पुरुषच. ज्यांच्या नावाची सोंगे नाचत होती त्या बायका कडेला, पोर मांडीवर घेऊन, पहाटेपर्यंत पाहत बसलेल्या. वंशपरंपरेचा मान हा ज्याच्याकडे आहे त्याला आधार असतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला भिंत. पुण्यातल्या टेबलाला ही अडचण नाही. तिथे मान जन्माने येत नाही, कुणीही कोणतेही पात्र घेऊ शकतो. पण एवढी मोकळीक असूनही एक मुलगी तीन वर्षांत कडेलाच राहिली. कारण पाळी ठरवलेलीच नव्हती. ज्याला मोठा आवाज त्याला उजेड, असा मोकळेपणाचा अर्थ आपसूक होऊन बसतो. आपल्या सभांत, सोसायट्यांच्या बैठकांत, घरातल्या जेवणाच्या टेबलावरही तो होतो. तेव्हा जव्हार-मोखाड्याकडून ठरलेली पाळी घ्यावी, तिची वंशावळ घेऊ नये, एवढाच निवाडा मी करू शकतो.

भाचीने जूनपासून रीत बदलली आहे. पुढच्या तीन शनिवारांत कथा कुणाच्या गावाकडे वळणार हे ती आधी सांगते. ज्याची पाळी नाही त्यालाही काम असते: त्या दिवशीच्या पात्राला प्रश्न विचारायचे. तिची तक्रार होती की बोलका मुलगा याला तयार होणार नाही. झाले उलटेच. प्रश्न विचारण्यात तो सगळ्यांत तरबेज निघाला. एका अबोल मुलाच्या पात्राला भाऊ होता आणि तो लढाईत गेला, हे त्याच्याच प्रश्नामुळे तीन वर्षांनी सगळ्यांना कळले.

ती मुलगी अजून परत आलेली नाही. तिच्या पात्राला कथेतून मारून टाकावे, म्हणजे नव्या कुणाला घेता येईल, अशी सूचना एकाने केली. भाचीने ती मानली नाही. त्या पात्राचे गाव नदीपलीकडे आहे असे आता ठरले आहे आणि श्रावणातला दुसरा शनिवार त्या गावासाठी ठेवला आहे. तिला तसे कळवलेही आहे. उत्तर आलेले नाही, पण खुर्ची मांडायची असे ठरले आहे.