लग्नाचा आल्बम

गेल्या वैशाखांत कोरपन्यास आमच्या नातीचें लग्न झालें. छायाचित्रें निघालीं ३,००० वर! पूर्वीं आल्बम हातीं येण्यास दोन-तीन महिने सहज लागत. यंदा छायाचित्रकारानें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें तो आठ दिवसांत दिला. हें यंत्र चेहरे ओळखून एकेकाचीं चित्रें वेगळीं लावतें, अस्पष्ट व मिटल्या डोळ्यांचीं बाजूस सारतें, पानांची मांडणीही सुचवितें. काम चोख होतें. परंतु मंगलाष्टकांच्या वेळीं मुठींत अक्षता धरून, डोळे मिटून बसलेल्या आमच्या वडील भगिनी त्यांत कोठेंच दिसेनात. यंत्राचा काय अपराध? निवडीचा अधिकार त्यास आम्हींच दिलेला. आश्विनांत त्या निवर्तल्या. सुदैवानें गाळलेलीं चित्रें पुसलेलीं नव्हतीं. आम्ही दोन दिवस बसून तें शोधून काढिलें.