पाणी किती वाजता चढलं?

पूरग्रस्ताचा बाईट घ्यायची रीत ठरलेली असते आणि ती चिखलात नव्हे, डेस्कवर सुरू होते. मुंबईहून वार्ताहराला फोन जातो: बायका घे, मागे पडझड दिसू दे, कुणी रडत असेल तर ते आधी पाठव. स्ट्रिंजरला बातमीमागे पैसे मिळतात. बातमी लागली नाही तर दिवस फुकट. मग तो डेस्कला हवं तेच शोधतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. ते ओसरल्यावर चॅनेलवाले आले. गाडी जिथवर जाईल तिथवरचीच माणसं आधी दिसली: रस्त्यालगतचे, दुकानाच्या पायरीवर उभे राहून सफाईने बोलणारे. आतल्या गल्लीतल्या भाडेकरूपर्यंत बूम माइक पोचेपर्यंत संध्याकाळचं बुलेटिन बांधून झालेलं असायचं.

अशाच एका गल्लीत मी एका वार्ताहराशेजारी उभी होते. एक ताई उंबऱ्यात बसून भिजलेली कागदपत्रं अलगद सुटी करत होत्या. रेशन कार्ड, वीजबिलं, मुलाची मार्कशीट. बूम पुढे आला.

"ताई, पाणी बघून काय वाटलं तुम्हाला?"

"पहाटे उठले तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीला होतं. बघता बघता माळ्याला लागलं. भोंगा नाही, कुणी सांगायला आलं नाही."

"हो, पण त्या क्षणी मनात काय आलं?"

"2005 ला एवढं भरभर नव्हतं चढलं. कोळकेवाडीचं अवजल किती वाजता सोडलं, ते विचारा की साहेबांना."

"सगळं गेलं ना ताई. आता पुढे काय?"

मार्कशीट मधोमध फाटली आणि त्यांना रडू फुटलं. कॅमेरामन एक पाऊल पुढे सरकला.

रात्री टीव्हीवर तेवढंच लागलं, खाली संथ संगीत. त्यात खोटं काहीच नव्हतं, ताई रडल्याच होत्या. पण पायरी गेली, भोंगा गेला, अवजल गेलं. लगेच पुढच्या विंडोत अधिकारी होते. त्यांना पावसाचे आकडे विचारले, कारणं विचारली. ज्यांनी पाणी चढताना पाहिलं त्यांच्या वाट्याला भावना, आणि जे नंतर आले त्यांच्या वाट्याला माहिती, ही वाटणी मला सर्वांत जास्त खुपते. तिच्यातही पोटवाटणी असते: पुरुषाला नुकसानभरपाईचं विचारतात, बाईला रडू आलं का ते.

कोयनेची वीज तयार झाल्यावरचं पाणी, म्हणजे अवजल, कोळकेवाडीतून पुढे वाशिष्ठीत येतं. त्या दिवशीच्या पुरात त्याचा वाटा किती, यावर पुष्कळ वाद झाला. प्रचंड पाऊस, खाडीची भरती, पात्रातला गाळ, ही कारणंही होतीच. ताईंचा संशय कदाचित चुकीचा निघाला असता. पण तिसरी पायरी आणि पहाटेची वेळ ही साक्ष आहे. दहा घरांतून ती गोळा केली असती, तर विसर्गाच्या आणि पावसाच्या नोंदींशी ताडून बघता आली असती.

हे केवळ आपल्याकडच्या एखाद्या गल्लीत घडतं असं नाही. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर नेपाळात भारतीय वार्ताहरांनी ढिगाऱ्याशेजारी असेच प्रश्न विचारले. तेव्हा वैतागलेल्या नेपाळी लोकांनी ट्विटरवर 'गो होम इंडियन मीडिया' ही मोहीमच चालवली.

पहिला प्रश्न वेळेचा असावा, असं मला कळकळीनं वाटतं. पाणी कुठवर होतं, कुणी कळवलं, कुठून निघालात, कोण मागे राहिलं. माणूस सांगू लागला की रडायचं तिथे रडतोच, त्याला डिवचावं लागत नाही. तो रडला की माइक खाली घ्यावा आणि सावरल्यावर पुन्हा विचारावं: भोंग्याचं काय म्हणत होता?

पुराच्याच वर्षी, 2021 च्या डिसेंबरात, चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. मागणी होती वाशिष्ठीतला गाळ काढण्याची.