शून्य नसबंद्या आणि आधीचा समज

शितावरून भाताची परीक्षा, हाच नमुना पाहणीचा पाया. पण शितेच मोजकी असली तर? थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातून वाढलेली पद्धत सांगते की पाहणीतल्या पुराव्याला आपल्या आधीच्या समजाची जोड द्यावी. ज्याचे वजन जास्त, त्याचे अधिक ऐकावे. या समजाला मी 'पूर्वसमज' म्हणतो. 'पूर्वग्रह' म्हणणारे टीकाकारही आहेत, आणि त्यांचे अगदीच चूक नाही.

कुटुंब नियोजनाच्या आकडेवारीत ही पद्धत आज सर्रास वापरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. देशाचा आकडा काढायला त्या भरपूर. पण सातशेहून अधिक जिल्ह्यांत वाटल्या की जिल्ह्यामागे हजारच्या आसपास उरतात. तालुका, वय, साधन अशा चाळण्या लावल्यावर तर पसाभरच. याच फेरीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. पतीची नसबंदी मात्र ०.३ टक्के. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले १९२१ मध्ये. शंभर वर्षांनंतरचे हे चित्र!

आता समजा, एका तालुक्यात ३०० जोडप्यांची माहिती घेतली आणि पुरुष नसबंदी एकही आढळली नाही. म्हणून तालुक्यातच एकही नाही, असे कोणी म्हणणार नाही. मग किती? 'शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत सगळे सारखेच शक्य' असा पूर्वसमज घेतला, तर सरासरी अनुमान येते ३०२ मध्ये एक, म्हणजे दहा हजारांत ३३. हॅरल्ड जेफ्रीज यांच्या नावाचा दुसरा पूर्वसमजही तटस्थ मानला जातो. त्याने येतात दहा हजारांत १७. निम्मेच! पुरावा तोच, आणि 'आमचे काही मत नाही' असे दोघेही म्हणतात. पण पहिल्याने यादीत नसबंदीचे एक आणि बिननसबंदीचे एक अशी दोन काल्पनिक जोडपी घातलेली असतात, दुसऱ्याने अर्धे-अर्धे. ३०० पैकी ११४ स्त्रियांची नसबंदी आढळली असती, तर उत्तरे ३८.०८ आणि ३८.०४ टक्के आली असती. तिथे वाद घालायलाही जागा नाही.

वीस हजार जोडप्यांच्या तालुक्यात याचा अर्थ ६६ किंवा ३३ पुरुष. या वर्षी एक पूर्वसमज वापरला आणि पुढल्या वर्षी दुसरा, तर एकही पुरुष दवाखान्याची पायरी न चढता कार्यक्रमाचे यश दुप्पट दिसेल. म्हणून प्रत्येक आकडा दोन-तीन पूर्वसमजांनी काढून शेजारी शेजारी छापावा, असा माझा आग्रह आहे.

राज्याच्या सरासरीचा आधार घ्या, असे काही जण सुचवतात. तो उपाय बहुधा अधिक शहाणपणाचा. मात्र त्या आधाराचे वजन किती, हेही कोणीतरी ठरवलेलेच असते. ते फार ठेवले, तर जिथे एखाद्या डॉक्टरने घरोघर जाऊन पुरुषांना राजी केले, तो तालुकाही सरासरीत विरघळून जातो.