बोवरचा शिक्का आणि बोची काडी

वारशात आलेल्या व्हायोलिनच्या पेटीतला बो पुसल्यावर ‘टुर्त’ असा शिक्का दिसला की घरातल्यांचे डोळे चमकतात. चमकू द्यावेत, पण फार वेळ नाही. पॅरिसच्या फ्रांस्वा टुर्तनं (१७४७–१८३५) आजच्या बोचा आकार पक्का केला हे खरं. मात्र स्वतःच्या बोवर तो सहसा नाव घालत नसे. पुढे जर्मन कारखान्यांनी ते नाव ढिगांनी बोंवर ठोकलं. ‘व्हियोम’ आणि ‘बाउश’ या नावांचीही तीच गत झाली. त्यामुळे टुर्तचा शिक्का बहुधा एवढंच सांगतो, की हा बो टुर्तचा नाही.

मराठी दरबारात व्हायोलिन पोचलं तेव्हा टुर्त हयात होता. तंजावरच्या सरफोजीराजे दुसरे यांच्या पदरी असलेल्या चार भावांपैकी वडिवेलू व्हायोलिन वाजवत. त्यांना १८३४मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळांनी हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. इकडे गोव्यातल्या चर्चशाळांत शिकलेले वादक मुंबईच्या सिनेमा-वाद्यवृंदांत आले, तर गजाननबुवा जोशी, वाईचे वि. गो. जोग, श्रीधर पार्सेकर, दा. के. दातार यांनी व्हायोलिनला गायकी शिकवली. दोन्ही वाटांनी युरोपी बो घराघरांत शिरले. दिवाणखान्यात व्हायोलिनचं कौतुक होतं. बो पेटीच्या झाकणात अडकून राहतो. पारख मात्र बोचीच जास्त अवघड.

सुरुवात डोक्यापासून करावी, म्हणजे जिथे केस अडकतात त्या टोकापासून. लाकडाचे धागे काडीच्या लांबीनं जातात. डोकं खाली वळतं तिथे ते आडवे कापले जातात. बोची सगळ्यात कच्ची जागा हीच. भिंग लावून कडेला केसाएवढी रेघ शोधायची. मग फ्रॉगच्या, म्हणजे मुठीकडच्या ठोकळ्याच्या, बाजूनं एक डोळा मिटून काडीवरून नजर टाकायची: ती डावी-उजवीकडे वाकली आहे का? फ्रॉग काढून त्याचे पैलू काडीच्या पैलूंवर नीट बसतात का तेही पाहावं. डोकं एकाचं, फ्रॉग दुसऱ्याचा, स्क्रू तिसऱ्याचा असे बो खूप फिरतात. धातूही बोलतो. कारागीर उत्तम काडीला चांदी चढवत, साधीला जर्मन सिल्व्हर. वजन साठ ग्रॅमच्या आसपास असावं. फारच हलका निघाला तर गुंडाळलेली तार हरवली आहे का बघावं.

चांगल्या बोचं लाकूड ब्राझीलच्या पर्नांबुको झाडाचं. आपला सागरगोटा आणि अंगणातला शंखासुर त्याच्याच नात्यातले, पण त्यांची काडी कामाची नाही. पर्नांबुको इतका जड की अस्सल तुकडा पाण्यात बुडतो, आणि इतका लवचिक की कोरड्या आचेवर वाकवला तर तो बाक वर्षानुवर्षं धरून ठेवतो. स्वस्तातल्या काही बोंचा बाक मात्र करवतीनंच कापलेला असतो; त्यांत धागे मधेच तुटलेले दिसतात. बेसुमार तोडीमुळे २००७पासून या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराचं नियंत्रण आहे. टोकावरची पांढरी पट्टी हस्तिदंताची आणि फ्रॉग कासवाच्या पाठीचा असेल तर प्रश्न आणखी वेगळा. विकायचा विचार करण्याआधी वन्यजीव संरक्षण कायदा वाचावा. ‘आजोबांचा आहे’ या सबबीवर विक्री कायदेशीर होत नाही.

दुरुस्तीतलं नेहमीचं काम म्हणजे केस बदलणं. दीडशे-दोनशे केसांची जुडी दोऱ्यानं बांधून लाकडी गुट्टीनं दोन्ही टोकांना ठोकून बसवतात. गोंद जवळजवळ नाहीच. इथे हवामान मधे येतं. घोड्याचा केस दमट हवेत लांबतो, कोरड्यात आखडतो. उदाहरणार्थ उर्से घ्या. हे गाव बहुतेकांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यामुळे माहीत. बोच्या दृष्टीनं त्याची जागा अवघड आहे. एका बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पावसाचं लोणावळा, दुसऱ्या बाजूला जेमतेम सातशेचं पुणे. इथे श्रावणात केस थोडे लांब न ठेवता हवेच्या मापानं बांधले, की माघात स्क्रू पूर्ण सैल करूनही ते ताणलेलेच राहतात. काडी वाकते, कधी डोकंच जातं. म्हणून जमलं तर हे काम पावसाळ्यानंतर द्यावं, आणि वाजवून झाल्यावर बो सैल करायचा हे तर रोजचंच. बंद पेटीतले केस मधेच कुरतडल्यासारखे तुटलेले दिसले तर ते किड्यांच्या अळ्यांचं काम. पेटी झाडून उन्हात उघडी ठेवावी. बो मात्र सावलीत.

फुटलेलं डोकं झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडू नये. पुढच्या कारागिराला आधी तो गोंद खरवडावा लागतो आणि त्यात मूळ लाकूड जातं. रीतसर पद्धत अशी: सांधा स्वच्छ जोडायचा, मग डोक्यात उभी खाच घेऊन तिच्यात दुसऱ्या दिशेच्या धाग्यांची पातळ पट्टी बसवायची, म्हणजे ताण नव्या धाग्यांवर जातो. काम चांगलं झालं तर बो पुढे कित्येक वर्षं वाजतो, बाजारभाव मात्र कोसळतो. संग्राहक अशा बोकडे पाठ फिरवतात. वाजवायला शिकणाऱ्यानं फिरवू नये: एरवी हाताला न लागणारी काडी त्याला याच वाटेनं परवडते.