बांगड्याचा वास, कोंबडीचं खाद्य

मासळीबाजारात कोळीण बांगड्याचा कल्ला उचलून आतला लालपणा दाखवते, तरी मुरलेलं गिऱ्हाईक मासा नाकाशी नेल्याशिवाय भाव करत नाही. ते हुंगत असतं ट्रायमिथाइलअमाइन. समुद्री मासे अंगात याचंच ऑक्सिजन जोडलेलं, बिनवासाचं रूप बाळगतात. खाऱ्या पाण्यात तग धरायला ते लागतं. मासा मेला की जिवाणू तो ऑक्सिजन काढून घेतात आणि वास सुटतो. नदीच्या माशात हा साठा फारच थोडा.

अमाइन म्हणजे अमोनियाचं लेकरू. अमोनियातल्या तीन हायड्रोजनांच्या जागी इथे तीन मिथाइल गट बसलेत. स्वभाव मात्र आईचाच, अल्कधर्मी. म्हणून लिंबू पिळलं किंवा कोकमाचं आगळ लावलं, की आम्लाशी त्याचं मीठ बनतं आणि मीठ काही हवेत उडत नाही. आपल्या आज्या हे रसायनशास्त्र न शिकता रोज करत होत्या.

कारखान्यात मिथेनॉल आणि अमोनियाच्या वाफा साधारण ४०० अंश सेल्सिअसला उत्प्रेरकावरून नेतात. पंचाईत अशी, की एक, दोन आणि तीन मिथाइलवाली तिन्ही भावंडं एकदमच जन्मतात. बाजारात मागणी जास्त मधल्याला, डायमिथाइलअमाइनला. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी त्याच्यापासूनच बनते. मग नको असलेला माल पुन्हा भट्टीत फिरवायचा. सोलापूरजवळ तामलवाडीला बालाजी अमाइन्सचा कारखाना याच मिथाइलअमाइनांचा. समुद्रापासून इतक्या लांब, ज्वारीच्या मुलखात!

ट्रायमिथाइलअमाइन ३ अंशांनाच उकळतं आणि चटकन पेट घेतं, त्यामुळे ते दाबाखाली सिलिंडरमध्ये किंवा पाण्यात विरघळवून ठेवावं लागतं. त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कोलीन क्लोराइड. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि इथिलीन ऑक्साइडशी जुळवून ते तयार करतात आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात. कोलीन कमी पडलं तर पिल्लांच्या यकृतात चरबी साठते, पायाचे सांधे वाकडे होतात. पण ते हवेतलं पाणी इतकं ओढतं, की नुसती भुकटी टिकत नाही. मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यांच्या भुशात मुरवून पोती भरतात.

तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइनचा वास मोडणारं विकर नीट चालत नाही. खाद्यातलं कोलीन जास्त झालं, तर आतड्यातले जिवाणू त्याचं पुन्हा ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि फोडलेल्या अंड्याला चक्क मासळीचा वास येतो.